ओसाड कोणाला म्हणता?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. शेजाऱ्यांकडे फराळाला गेलो होतो. चकल्या खुसखुशीत झाल्या होत्या, चिवडा ताजा होता, आणि "चकलीत मीठ बेताचं आहे ना?" असे वहिनी रिवाजाप्रमाणे प्रत्येकाला विचारीत होत्या. एवढ्यात शेजाऱ्यांनी आदल्या हिवाळ्यात केलेल्या कच्छच्या सहलीचे फोटो काढले. पांढरेशुभ्र रण, त्यावर पौर्णिमेचा चंद्र, चंद्राखाली शेजारी. पांढरेशुभ्र रण, त्यावर मावळता सूर्य, सूर्यापुढे वहिनी. असे चाळीसएक फोटो पाहून झाल्यावर मी विचारले, "आणखी काय पाहिलंत?"

"आणखी काय पाहणार? पांढरं रण सोडलं तर तिकडे आहे काय हो? नुसतं ओसाड! मैलच्या मैल माणूस नाही, झाड नाही. गाडीत झोपूनच काढला रस्ता."

मी हातातली चकली खाली ठेवली आणि भांडलो. सणाच्या दिवशी शेजाऱ्याशी भांडू नये हे मला कळते. सौभाग्यवतीने टेबलाखालून पाय दाबून त्याची आठवणही करून दिली होती. त्यामुळे ते भांडण तिथे अर्धेच राहिले. उरलेले आज पुरे करतो. शेजारी हा अंक घेतात, तेव्हा त्यांच्यापर्यंत ते पोचेलच.

पण दुसऱ्यावर राग काढण्याआधी स्वतःची कबुली दिली पाहिजे. पहिल्यांदा कच्छला गेलो तेव्हा मीही हेच बोललो होतो. तीन दिवस, एक पौर्णिमा, दोन शाली आणि एक भरतकामाची पिशवी एवढे गाठोडे घेऊन मी मुंबईला परतलो, आणि कोपऱ्यावरच्या आमच्या कच्छी वाण्याला मोठ्या ऐटीत सांगितले, "शेठ, तुमचा मुलूख पाहून आलो. तिथे तर काहीच नाही!" शेठ तूरडाळ तोलीत होते. तराजूवरची नजर न काढता ते म्हणाले, "काही नाही म्हणून तर आम्ही इथे आहोत, साहेब," आणि हसले. त्या हसण्यात मला तेव्हा नुसता विनय दिसला. पुढे आणखी दोन खेपा केल्या, पायाखाली थोडी वाट घातली, तेव्हा कळले की ते हसू माझ्यावर होते.

‘ओसाड’ हा दिसायला वर्णनाचा शब्द आहे, पण आपण तो वापरतो निकाल देण्यासाठी. जिथे आपल्या ओळखीचे काही नाही ती जागा ओसाड. जिथे भात नाही, ऊस नाही, हॉटेल नाही, ती जागा ओसाड. आणि एकदा जागा ओसाड ठरली की तिचे काहीही करायला आपण मोकळे. ओसाड जमिनीला मालक नसतो, इतिहास नसतो, आणि तिच्यावर कुणी राहत असेल तर तो तिथे चुकून आलेला असतो. सहलीहून परतलेल्या माणसाच्या तोंडचा हा शब्द निरुपद्रवी वाटतो. पण तोच शब्द सरकारी दप्तरात ‘पडीक’ होऊन बसतो आणि माणसांची घरे उठवतो. म्हणून मला त्याचा राग आहे.

हा कच्छ आहे तरी केवढा? क्षेत्रफळ सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटर. देशातला सर्वांत मोठा जिल्हा. त्यात गोव्याएवढी बारा राज्ये मावतील. उत्तरेला मोठे रण, पूर्वेला छोटे रण, दक्षिणेला कच्छचे आखात, पश्चिमेला अरबी समुद्र. पावसाळ्यात वाऱ्याने लोटलेले खारे पाणी आणि नद्यांचे गोडे पाणी रणात शिरते आणि सारा मुलूख बेटासारखा होतो. मग पाणी आटते, मीठ वर येते, आणि त्या मिठावर चांदणे पडले की आपण सहकुटुंब फोटो काढायला जातो. हा मुलूख आपल्याला परका म्हणायचीही सोय नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून १९६० च्या एप्रिलअखेरपर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षे, कच्छ आणि महाराष्ट्र मुंबई राज्याच्या एकाच छपराखाली नांदले आहेत. एका घरात राहूनही ओळख झाली नाही, असा हा प्रकार.

पांढऱ्या रणाकडे जाणारा रस्ता बन्नीतून जातो. आमचे शेजारी ज्या रस्त्यावर झोपले तो हाच. बन्नी म्हणजे सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचे गवताळ रान. गाडीच्या काचेतून पाहिले तर सपाट, धुळकट आणि कंटाळवाणे. दुसऱ्या खेपेला मी तिथल्या एका मालधाऱ्याच्या वाडीवर रात्री राहिलो. मालधारी म्हणजे गुरे राखणारा. ‘माल’ म्हणजे त्याची गुरे. संध्याकाळी आपल्याकडे गुरे घरी येतात; तिथे म्हशी संध्याकाळी घराबाहेर पडल्या. बन्नीची म्हैस रात्री चरते आणि सकाळी धार देण्यासाठी आपली आपण परत येते. दिवसाच्या उन्हावर त्या जनावराने आणि त्याच्या धन्याने मिळून शोधलेला हा तोडगा आहे. २०१० साली या म्हशीला स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली. ही जात पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवली ती याच ‘काही नसलेल्या’ प्रदेशातल्या, बहुधा निरक्षर माणसांनी.

रात्री बाजेवर बसून मी म्हाताऱ्या मालधाऱ्याला विचारले, "चाचा, एवढ्या रिकाम्या जागेत एकटं वाटत नाही?"

"रिकामी कुठे आहे, भाई?" त्याने खरोखरच इकडेतिकडे पाहिले. मग अंधारात बोट दाखवीत तो सांगू लागला. तिकडे सखल आहे, पाऊस झाला की पाणी तुंबते, तिथे जिंजवो चांगला येतो. पलीकडे जमीन खारी, तिथले गवत उंटाला. त्या बाजूला मामाची गुरे, या बाजूला विरडे. मला अंधाराखेरीज काही दिसत नव्हते. जिंजवो म्हणजे आपल्याकडचे मारवेल गवत, हेही मला नंतर कळले. म्हाताऱ्याच्या लेखी तिथे प्रत्येक हाताला नाव होते. रिकामे होते ते माझे डोके.

ते विरडे मी सकाळी पाहिले. सखल भागात खणलेले उथळ झरे. पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरते आणि हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर साईसारखे राहते. तेवढी साय अलगद काढून घ्यायची. हाव धरून खोल खणले तर खारे पाणी वर येते आणि सगळेच नासते. पाण्याचा एवढा हिशेबी वापर मी आमच्या सोसायटीत कधी पाहिला नाही; टाकी भरून वाहते तेव्हा खाली उतरून पंप बंद कोणी करायचा यावर आमच्याकडे सभा भरते.

आणि हे शहाणपण आजचे नाही. खदीर बेटावरचे धोळावीरा पाहा. पुराविद जगत्पती जोशी यांनी १९६७-६८ च्या सुमारास ते उजेडात आणले, रवींद्रसिंह बिश्त यांनी १९९० पासून तिथे उत्खनन केले, आणि २०२१ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी तिथे दोन पावसाळी ओढे बांध घालून वळवले आणि खडक फोडून तलाव केले. मी त्या कोरड्या तलावाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. बरोबरच्या एका पर्यटकाने विचारले, "इथे लोक राहायला का आले असतील?" त्याला उत्तर देण्याचा धीर झाला नाही. जिथे मुबलक पाणी आहे तिथे कोणीही राहू शकेल. जिथे ते नाही तिथे शहर वसवणाऱ्याला जी अक्कल लागते, तिच्यापुढे आपण टोपी काढली पाहिजे.

आता या बन्नीचे शहाण्यांनी काय केले ते ऐका. १९५५ साली बन्नीला ‘संरक्षित जंगल’ ठरवण्यात आले. तिथे जंगल नव्हते, गवत होते. पण दप्तराला गवत दिसत नाही. मग १९६० च्या दशकात, रण पसरू नये म्हणून, परदेशी बाभूळ आणून हजारो हेक्टरांवर लावली. आपल्याकडे तिला वेडी बाभूळ म्हणतात. तिथेही तिचे नाव ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच निदान केले! ही बाभूळ गवताच्या उरावर बसली. तिच्या शेंगा जास्त खाल्ल्या की गाईंना बाधतात. जिथे गाई पाळणारे होते तिथे लोकांनी म्हशी धरल्या, आणि काही जण कोळसा पाडू लागले. हेतू वाईट नव्हता. पण जो मुलूख रिकामा समजला, तो भरून काढण्याची घाई झाली; आणि तिथल्या माणसाला ‘बाबा, इथे आधी काय होते?’ हे विचारायचे राहिले. उंटावरचा शहाणा आपल्या गोष्टींत असतो तसा दप्तरातही असतो. फरक एवढाच की दप्तरातल्या शहाण्याने उंट कधी पाहिलेला नसतो.

"पण काही ठिकाणं खरोखरच ओसाड असतात की!" शेजारी त्या दिवशी म्हणाले होते. असतात. मी लखपत पाहिले आहे. भुजहून सुमारे १३५ किलोमीटर पश्चिमेला, कोरी खाडीच्या तोंडाशी, सुमारे सात किलोमीटर लांबीचा तट आणि आत मोजकी घरे. गुरू नानकांच्या मुक्कामाची आठवण सांगणारा गुरुद्वारा, एक देखणी कबर, आणि बाकी दगड. रोज लाखाची उलाढाल म्हणून लखपत, असे सांगतात. सिंधूच्या एका फाट्याचे पाणी तिथवर येत होते, त्या पाण्यावर भात पिकत होता, बंदरात गलबते लागत होती. मग अठराव्या शतकात सिंधच्या राज्यकर्त्यांनी वरच्या अंगाला पाणी अडवले. पुढे १६ जून १८१९ रोजी भूकंप झाला. सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला आणि उत्तरेला सुमारे ऐंशी किलोमीटर लांबीचा उंचवटा जमिनीतून वर आला. माणसांनी घातलेल्या बांधांहून वेगळा, म्हणून लोकांनी त्याला ‘अल्लाबंद’ म्हटले. चार्ल्स लायेलसारख्या भूगर्भशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात या सिंदरीची हकीकत दिली आहे. नदी गेली, भात गेला, माणसे गेली.

तेव्हा ओसाड म्हणायचेच असेल तर लखपतला म्हणा; पण त्या शब्दाबरोबर तारीखही लिहा. ओसाडी ही निसर्गाची जात नसते. ती कधीतरी, कशानेतरी, कित्येकदा कोणाच्यातरी करणीने आलेली असते. तटावर उभा राहून मी पलीकडचा चिखल पाहत होतो, आणि मनात येत होते की पाणी अडवणारा नेहमी वरच्या अंगाला असतो, आणि ‘तिथे काहीच नाही हो’ असे म्हणणारा कैक वर्षांनी गाडीतून येतो.

लखपतहून किनाऱ्या-किनाऱ्याने खाली आलात की मांडवी. मुंबईच्या माणसाला हे नाव घरचे. मसजिद बंदराजवळची आमची मांडवी कोणाला ठाऊक नाही? मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. सोळाव्या शतकात कच्छच्या रावांनी वसवलेल्या या गावात रुक्मावती नदीच्या काठी आजही लाकडी गलबते बांधतात. एका गलबताला दोन-दोन, तीन-तीन वर्षे लागतात. तीन मजली घराएवढा लाकडाचा सांगाडा उन्हात उभा होता आणि त्याच्या बरगड्यांवर माणसे मुंग्यांसारखी चढली होती. मी मिस्त्रींना विचारले, "नकाशा कुठे आहे?" त्यांनी कपाळावर बोट ठेवले आणि कामाला लागले.

या वाळवंटाच्या काठची माणसे मस्कतला गेली, झांजिबारला गेली. एकोणिसाव्या शतकात झांजिबारच्या जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे अनेक वर्षे होता. लवंगा, हस्तिदंत आणि कापड यांच्या त्या व्यापाराला गुलामांच्या व्यापाराचीही काळी किनार होती, तीही लपवू नये. कच्छच्या बाजूने भांडतो म्हणून कच्छला देव करण्याची मला गरज नाही. कच्छी नववर्ष आषाढी बीजेला सुरू होते, ऐन पावसाच्या तोंडावर. ज्यांचे वर्ष पावसाच्या वाटेकडे डोळे लावून उगवते, त्यांना ‘जगापासून तुटलेले’ कोण म्हणतो? तर ज्याचे जग मुंबई-पुणे रस्त्यावर संपते तो!

याच मांडवीत १८५७ साली श्यामजी कृष्णवर्मा जन्मले. लंडनला ‘इंडिया हाऊस’ काढणारे ते हेच. लोकमान्य टिळकांच्या शिफारशीवरून १९०६ साली तरुण सावरकरांना शिष्यवृत्ती मिळाली आणि ते विलायतेला गेले, ती शिष्यवृत्ती श्यामजींची. १९३० साली ते जिनीव्हात वारले; त्यांच्या अस्थी मायदेशी यायला २००३ साल उजाडावे लागले. सावरकरांची लंडनची हकीकत आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्या हकीकतीची एक मुळी या मांडवीत आहे, हे आमच्या शेजाऱ्यांना कोणी सांगितले नाही. ते मांडवीला गेले होते. समुद्रकिनाऱ्यावर उंटावर बसले, दाबेली खाल्ली, आणि परतले. दाबेली मीही खाल्ली. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मांडवीच्या पूर्वेला मुंद्रा. तिथे नव्वदच्या दशकाअखेर नवे बंदर सुरू झाले आणि आज ते देशातल्या सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एक आहे. अवाढव्य क्रेना, कोळसा, विजेचे कारखाने. याच आखाताच्या किनाऱ्याला खराई उंट आहेत. हा उंट पोहतो! भरतीच्या पाण्यातून पोहत तो खाडीतल्या बेटांवर जातो आणि तिवरांचा पाला खातो. २०१५ साली त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. तिवर गेले की तो उंट गेला, आणि उंट गेला की त्याच्यामागून पिढ्यान्‌पिढ्या चाललेला फकिराणी जत आणि रबारी गेला. ‘किनाऱ्याला नुसता चिखल आणि झुडपं होती,’ असे मला तिथे एका सुशिक्षित गृहस्थांनी मोठ्या समाधानाने सांगितले. होती खरी. मुंबईलाही एके काळी चिखल आणि झुडपेच होती. ती गेल्यावर पावसाचे पाणी कुठे जाते, हे आपण दर जुलैत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून शिकत असतो.

इथे माझे विरोधक मला थांबवतील. "मग काय, बंदरं नकोत? वीज नको? पर्यटन नको? लोकांनी म्हशीच राखाव्यात?" आक्षेप खोटा नाही, म्हणून त्याला सरळ उत्तर देतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने कच्छ उद्ध्वस्त झाला, हजारो माणसे गेली. किल्लारीचे दुःख १९९३ साली पाहिलेल्या महाराष्ट्राला ते वेगळे समजावून सांगायला नको. त्यानंतर कारखाने आले, रस्ते आले, पर्यटक आले, आणि पुष्कळांच्या चुली पेटल्या. रणोत्सवामुळे भरतकाम करणाऱ्या बायांच्या हाती चार पैसे येत असतील तर ते जाऊ नयेत. खावड्याजवळ सुमारे ७२,६०० हेक्टरांवर, ३० गीगावॉटचे लक्ष्य ठेवून, सौर आणि पवन विजेचे मोठे केंद्र उभे राहत आहे. सूर्याची वीज मलाही हवी आहे; कोळशाच्या धुरापेक्षा ती शंभर पटींनी बरी.

माझे भांडण विजेशी नाही, ‘तिथे काय आहे, टाका तिकडे’ या वाक्याशी आहे. सुपीक जमीन घ्यायची झाली तर मोजणी होते, मोबदला ठरतो, मोर्चे निघतात, वर्तमानपत्रांत अग्रलेख येतात. ‘पडीक’ जमीन घ्यायची झाली तर यांतले पुष्कळसे टळते. साहेबाच्या राज्यात ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती ‘वेस्ट’ ठरत असे. साहेब गेला, शब्द राहिला. २००० सालापासून आपले सरकार ‘वेस्टलँड ॲटलास’ काढीत आले आहे आणि क्षारपड जमिनी, वाळूचे पट्टे, खालावलेली कुरणे त्यात मोजली जातात. माळधाऱ्याचे कुरण आपण आपल्या हाताने खालावायचे आणि मग ते खालावले म्हणून पडीक लिहायचे, हा न्याय कुठला?

आणि हे दूर कच्छातच चालते असे समजून महाराष्ट्राने स्वस्थ बसू नये. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर एके काळी माळढोक दिमाखात हिंडत होता. आज त्याचे दर्शन हा नवसाचा प्रकार झाला आहे. तोच पक्षी कच्छमध्ये अबडाशाच्या गवताळ पट्ट्यात शेवटच्या घटका मोजतो आहे. माणदेशातल्या मेंढपाळाच्या माळाला आपण काय म्हणतो? पडीकच! आपल्या दारच्या माळाला नावे ठेवण्याची सवय झाली, म्हणून तर कच्छातही डोळे मिटून झोप लागते.

शेवटी छोट्या रणाकडे येतो, कारण आमच्या भांडणाचे खरे मूळ तिथे आहे. सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचा हा सपाट, भेगाळलेला चिखल. १९७३ साली तो घुडखरांचे, म्हणजे रानगाढवांचे अभयारण्य झाला. तिथे पावसाळा संपला की अगरिया कुटुंबे बिऱ्हाड-बाजले घेऊन येतात. जमिनीखालचे खारे पाणी उपसून वाफ्यांत खेळवायचे, तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, महिनोन्‌महिने लाकडी दाताळ्याने मीठ ओढीत राहायचे, आणि उन्हाळ्यात स्फटिक तयार झाले की व्यापाऱ्याच्या हवाली करायचे. पूर्वी उपशाची इंजिने तेल पीत आणि कमाईचा मोठा हिस्सा तेलातच जाई. अलीकडे सौर पंपांनी तो भार पुष्कळ हलका केला आहे. ऊन तेच, पण ज्याच्या पायाखाली आहे त्याच्या कामी लावले की काय होते, त्याचे हे उदाहरण. मिठात उभे राहून पाय असे निबर होतात की अगरिया मेल्यावर चितेतही त्याचे पाय जळत नाहीत, असे तिथे सांगतात. मी एका अगरियाचे पाय पाहिले. त्यानंतर या सांगण्याची खात्री करून घ्यावी असे मला वाटले नाही.

त्याच्या बायकोने मला काळा चहा दिला. टँकर आठवड्यातून कधी येईल याचा नेम नव्हता, तरी दिला. मी विचारले, "ही जमीन तुमची ना?"

ती हसली. "शून्य नंबर, साहेब."

मला वाटले ती थट्टा करते आहे. पण महसुली दप्तरात या रणाची मोजणीच झालेली नव्हती. त्याचे नाव ‘सर्व्हे नंबर शून्य’. पिढ्यान्‌पिढ्या जिथे मीठ पिकवले तिथला सात-बारा नाही, कारण त्या जमिनीला आकडाच नाही. अभयारण्य झाल्यावर तर आपल्याच अगरावर जाणे हेही परवानगीचे काम झाले. रानगाढवांची गणना होते; २०२४ साली ती साडेसात हजारांवर निघाली, आणि मला त्याचा आनंद आहे. गाढवाला मोजले, माणसाच्या जमिनीला मोजले नाही. ‘ओसाड’ या शब्दाचा हिशेब शेवटी या शून्याशी येऊन थांबतो.

भारतातल्या मिठापैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक मीठ एकट्या गुजरातेत होते. १९३० साली मिठाच्या मुठीसाठी आपण साम्राज्याशी झुंजलो. आपल्याकडे शिरोड्याला नि वडाळ्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या. तेव्हा मीठ ही देशाची अब्रू होती. आज ते पुडीतून येते आणि पुडीवर अगरियाचे नाव नसते.

तेव्हा माझे मागणे फार मोठे नाही. वाचकहो, कच्छला जरूर जा. पौर्णिमेला जा, फोटोही काढा. पण रस्त्यात झोपू नका. बन्नीत गाडी थांबवून गवताचे नाव विचारा. लखपतच्या तटावर गेलात तर पाणी कोणी अडवले ते मुलांना सांगा. मांडवीच्या नदीकाठी गलबत पाहा. आणि खिडकीबाहेर काही दिसले नाही, तर ‘इथे काही नाही’ असे म्हणण्याआधी ‘मला काही दिसले नाही’ असे म्हणून पाहा. वाक्य थोडेच बदलते. पण पहिल्या वाक्यावर जमीन कोणाच्याही घशात घालता येते, दुसऱ्यावर येत नाही.

आपल्या पाडव्याच्या पहाटे, गुजरातेत नवे वर्ष उगवते तेव्हा, ‘सबरस’ अशी आरोळी देत दारोदार मीठ येते. लोक शकुन म्हणून ते विकत घेतात. ज्यात सगळे रस आले ते सबरस. मिठाला याहून मानाचे नाव मी ऐकलेले नाही. आपल्या मराठीतही खाल्ल्या मिठाला जागणे ही माणुसकीची कसोटी मानली आहे.

यंदाही शेजाऱ्यांचे फराळाचे बोलावणे आले आहे. भांडणानंतरही आले, हा त्यांचा मोठेपणा. मी जाणार आहे. वहिनी रिवाजाप्रमाणे विचारतील, "चकलीत मीठ बेताचं आहे ना?" मी म्हणेन, "अगदी बेताचं आहे, वहिनी. आता ते कुठून आलं एवढं ऐकून घ्या." सौभाग्यवतीला आधीच सांगून ठेवले आहे की या वेळी पाय दाबू नकोस.